भ्रमनिरास, भ्रमनिराश आणि आवडत्या लेखकाची नवी कादंबरी

प्रश्न असा आलाय: "आवडत्या लेखकाची नवीन कादंबरी मोठ्या आशेने घेतली आणि पार निराश झालो. मित्राला मेसेज केला की मी भ्रमनिराश झालो, तर तो म्हणे असा शब्दच नाही, अपेक्षाभंग लिही नाहीतर हिरमोड लिही. कोणता बरोबर?"

मित्र बरोबर आहे. भ्रमनिराश नावाचा शब्द नाही, पण हल्ली जिकडेतिकडे तोच दिसतो, बातम्यांच्या खालच्या पट्टीत, पुस्तकांच्या परीक्षणात, परवा तर एका निमंत्रित वक्त्याच्या तोंडून स्टेजवरून ऐकला आणि समोर बसलेल्या कुणालाही तो खटकला नाही. अहो, इथे आशेचा काही संबंधच नाहीये! निराश म्हणजे निर् अधिक आशा, हे विशेषण, म्हणून "मी निराश झालो". निरास हे नाम, त्यात निर् आणि अस् धातू आहे. हा "असणे"वाला अस् नव्हे, फेकणे या अर्थाचा दुसरा अस्. निरास म्हणजे बाहेर फेकणं, घालवून देणं. शंकानिरसन मधलं निरसन ते हेच, आणि तिथे निरशन लिहिलेलं मी तरी कुठे पाहिलेलं नाही, मग भ्रमाच्याच वाट्याला हा श का? तेव्हा "माझा भ्रमनिरास झाला" असं लिहायचं. "मी भ्रमनिरास झालो" हेही चूक, फेकला गेला तो भ्रम, तुम्ही नाही.

आता खरी गंमत ऐका. हा फेकणारा अस् काय काय करतो बघा, अस्त्र म्हणजे फेकून मारायचं ते (हातात धरून वार करायचं ते शस्त्र), समास, न्यास, संन्यास, अभ्यास, वेदांची विभागणी करणारे ते व्यास, सगळी याच धातूची पोरं. हिंदीत आणि बंगालीत कादंबरीला म्हणतात तो उपन्यासही, उप अधिक नि अधिक अस्. म्हणजे उपन्यास वाचून भ्रमनिरास झाला म्हणालात तर दोन्हीकडे धातू एकच!

पण माझा सगळ्यात लाडका आहे तो अध्यास. अधि अधिक अस्, एकावर दुसरं नेऊन टाकणं. दोरीवर साप दिसतो तो अध्यास. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या सुरुवातीलाच त्याची व्याख्या केलीय, "स्मृतिरूपः परत्र पूर्वदृष्टावभासः", आधी कुठेतरी पाहिलेलं आठवणीच्या रूपाने भलत्याच ठिकाणी भासणं. आवडत्या लेखकाचं नवं पुस्तक आपण हातात घेतो तेव्हा नेमकं हेच घडतं की नाही सांगा! आधी वाचलेलं पुस्तक आपण या नव्यावर नेऊन टाकलेलं असतं. मग पन्नासेक पानांत नवं पुस्तक ते उचलून बाहेर फेकतं, तो निरास. टाकणारा अस् आणि फेकणारा अस् एकच.

उदाहरण घ्यायचं तर २०१० साली भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' ही कादंबरी आली तेव्हाचं घ्या. त्यांची पहिली 'कोसला' १९६३ ची, चांगदेव हा नायक असलेल्या चार कादंबऱ्यांतली शेवटची 'झूल' १९७९ ची, आणि मग तब्बल ३१ वर्षांनी हा सहाशे पानांचा ठोकळा. 'कोसला' पाठ असलेले कितीतरी लोक तेव्हा हिरमुसले, कारण ते पानोपानी 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर शोधत होते, त्याचं ते उदाहरणार्थ आणि वगैरे शोधत होते. आणि समोर आला 'हिंदू'चा नायक, मोहेंजोदडोच्या उत्खननावरचा खंडेराव, अख्खं गाव, शेती, पूर्वज पाठीवर घेऊन. 'हिंदू'त खटकण्यासारख्या जागा आहेत, पसारा काही ठिकाणी खरंच आवरत नाही, पण "यात सांगवीकर नाही" ही पुस्तकाची चूक धरता येत नाही. तो वाचकाचा अध्यास.

माझं तर असं ठाम मत आहे की मराठी वाचकाला हा अध्यास जरा जास्तच जडतो, आणि त्याचं कारण आपल्या शब्दातच आहे. कादंबरी ही मुळात संस्कृत लेखक बाणभट्टाच्या त्याच नावाच्या पुस्तकातली नायिका, गंधर्वराजकन्या. सातव्या शतकातलं एक पुस्तक, त्याचं नाव आपण आणि कन्नडवाल्यांनी सगळ्या साहित्यप्रकारालाच देऊन टाकलं. म्हणजे प्रत्येक नव्या कादंबरीवर नावापासूनच एक जुनी कादंबरी बसलेली! आणि ती जुनीसुद्धा कशी, बाण ती अर्धीच टाकून गेला, उत्तरभाग मुलाने पुरा केला (त्याला कोणी भूषणभट्ट म्हणतात, कोणी पुलिंद). गोष्ट अपुरी राहिली म्हणून रसिकांना वाईट वाटत होतं तेवढ्यासाठी लिहितोय, कवित्वाच्या घमेंडीने नाही, असं तो बिचारा सुरुवातीलाच सांगतो. तरी आजतागायत त्याचं माप काढलं जातं ते बापाच्याच पूर्वभागाने. कादंबरी हा शब्द या प्रकाराला अन्यायकारक, त्यापेक्षा गुजरातीसारखं नवलकथा म्हणा, असं सुचवणारी मंडळी आहेत, त्यांना माझा साफ विरोध. यातला बाणभट्टच पुसून टाकायचा असेल तर उरलं काय?

दुसरे एक पंडित भेटतात ते म्हणतात भ्रम गेला ही तर चांगली गोष्ट, मग भ्रमनिरास दुःखाने कशाला म्हणायचं, वापरच चुकीचा आहे. हे मला अजिबात पटत नाही. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते, पुढचा संसार नाही. मराठीत या शब्दाला दुखरी छटा चांगली मुरलेली आहे, आणि भ्रम सुखाचा असला तर तो फेकला जाताना दुखणारच की.

हां, अपेक्षाभंग आणि हिरमोड राहिले. लेखकाने किंवा प्रकाशकाने काही कबूल केलं होतं, रहस्यकथा म्हणून जाहिरात केली आणि आत रहस्यच नाही, तर अपेक्षाभंग. तिथे चूक त्यांची. हिरमोड त्या मानाने हलका, घडीभराचा, पुस्तक घ्यायला दुकानात गेलात आणि प्रती संपल्या होत्या तर हिरमोड होतो. आख्खी कादंबरी वाचून झाल्यावर तो शब्द तोकडा पडतो.