मराठी वाचायला लागलेल्या मुलांसाठी चित्रपुस्तकं कशी निवडावीत?

तुमची मुलगी सहा वर्षांची, इंग्रजी माध्यमात पहिलीला. घरी मराठी बोलते, अक्षरं ओळखते, पण मराठी पुस्तक हातात दिलं की दोन ओळींत कंटाळते. तिच्यासाठी कोणती पुस्तकं घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय. मी लालबागला आमच्या इमारतीत मुलांचं छोटं वाचनालय चालवते आणि आमच्याकडे येणारी निम्मी मुलं अशीच असतात.

सगळ्यात आधी पुस्तकांचे दोन ढीग वेगळे करा. एक तुम्ही वाचून दाखवायचा, दुसरा तिने स्वतः वाचायचा. सहा वर्षांच्या मुलीला समजणारी मराठी आणि तिला वाचता येणारी मराठी यांत फार अंतर असतं. एकच पुस्तक दोन्ही कामांना वापरायला गेलं की गोष्ट बाळबोध वाटते, नाहीतर वाचन अवघड होतं. कंटाळा बहुतेक वेळा इथूनच येतो.

वाचून दाखवायच्या ढिगात भाषेला अजिबात घाबरू नका. ‘तुडुंब’, ‘लगबग’, ‘पाणंद’ असे शब्द येऊ देत. दुकानात पुस्तक उघडलं की आधी मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं बघत जा. मजकुरात नसलेलं काहीतरी चित्रात घडत असेल, म्हणजे कोपऱ्यातलं मांजर दर पानावर काहीतरी वेगळंच करत असेल, तर ते पुस्तक घ्या. मग एक पान तिथेच मोठ्याने वाचा. अनुवादित पुस्तकांची परीक्षा इथे होते. ‘त्याने त्याच्या आईला त्याचे चित्र दाखवले’ असं वाक्य आलं की पुस्तक परत ठेवा. आपण ‘त्याने आईला चित्र दाखवलं’ असं म्हणतो. शेवटी चौकटीत तात्पर्य छापलेली पुस्तकंही मी घेत नाही. गोष्ट ऐकताना मूल स्वतः काहीतरी जुळवत असतं आणि तात्पर्य ते मध्येच तोडतं.

आता दुसरा ढीग. खरी निवड इथे करावी लागते आणि दुकानदार यात मदत करू शकत नाहीत.

पालक येतात आणि ‘जोडाक्षरं नसलेलं पुस्तक द्या’ म्हणतात. मागणी बरोबर वाटते, पण तशी मराठी कोणी बोलत नाही. ‘म्हणाला’, ‘त्याचा’, ‘माझ्या’, ‘तुझ्या’ हे आपले रोजचे शब्द, आणि सगळ्यांत जोडाक्षर आहे. ते टाळून लिहिलं की ‘कमल नमन कर’ अशी वाक्यं तयार होतात. त्यांत गोष्ट नसते, मग मूल पान उलटणार कशासाठी? त्यापेक्षा थोडीच जोडाक्षरं असलेलं, पण तीच पुन्हा पुन्हा येणारं पुस्तक शोधा. दर पानावर ‘उंदीर म्हणाला’, ‘बेडूक म्हणाला’ असं असेल तर तिसऱ्या पानापर्यंत ‘म्हणाला’ हा अख्खा शब्द तिच्या नजरेत बसतो. ‘वृक्ष’, ‘स्वच्छ’, ‘प्रत्येक’ एकाच पानावर असतील तर ते पुस्तक सध्या पहिल्या ढिगात टाका.

शब्दांची रूपंही बघा. तिच्या कानावर ‘केलं’, ‘गेलं’, ‘पुस्तकं’ आहे. पुस्तकात ‘केले’, ‘गेले’, ‘पुस्तके’ असेल तर प्रत्येक वाक्याशी ती थबकते, कारण वाचलेला शब्द ओळखीच्या शब्दाशी जुळत नाही. पहिल्या वाचनाला बोलीतली पुस्तकं बरी. छापील वळण नंतर येतं. बोलण्यातल्या ओळखीचा आणखी एक फायदा आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा हे तिला शिकवावं लागत नाही, अर्थ कळला की उच्चार आपोआप सुधारतो. म्हणून या ढिगातल्या गोष्टी तिच्या जगातल्या असाव्यात, लिफ्ट, लोकल, मासळीबाजार, आजीची पिशवी. पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधता आला की वाचन पुढे सरकतं.

ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढलेली आणि नंतर उच्चारायची, त्यामुळे ‘किती’ वाचताना नव्या वाचकाची नजर मागेपुढे होते. दाट छपाईत हा गोंधळ वाढतो. म्हणून मोठा टाइप, दोन शब्दांत मोकळी जागा आणि पांढऱ्या कागदावर मजकूर हवा. रंगीबेरंगी चित्रावर छापलेली अक्षरं सुंदर दिसतात, पण नव्या वाचकाला सापडत नाहीत. ल आणि श सुद्धा तपासा. राज्य सरकारच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय, पण बऱ्याच पुस्तकांत हिंदी वळणाची अक्षरं असतात. सुरुवातीला एकच वळण ठेवा.

नावं सांगायची तर ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आधी बघा. लिहितात त्याच, चित्रंही त्यांचीच, आणि त्यांतली घरं आपल्या घरांसारखी वाटतात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना 2014 साली मिळाला. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, पण भाषा मोठ्याने वाचून मगच घ्या. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तकं देखणी आहेत, पण ती वाचून दाखवायलाच ठेवा. तुमच्या मुलीला इंग्रजी सोपं जात असेल तर नजर आधी तिकडेच जाईल.

पैसे न घालवता सुरुवात करायची असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा. 2015 पासून तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून घेऊन छापताही येतात. गोष्टींच्या चार पातळ्या आहेत, त्यांतली पहिली अगदी नव्या वाचकांसाठी. तिथे कोणीही अनुवाद करू शकतं, त्यामुळे दर्जा कमीजास्त असतो. आधी स्वतः वाचा आणि मग छापा. फोनवर दाखवण्यापेक्षा कागदावरच द्या, म्हणजे तिला ओळीखाली बोट फिरवता येईल.

विकत घ्यायला दादर पश्चिमेला, छबिलदास गल्लीतल्या आयडियल या पुस्तकांच्या दुकानात तिला घेऊन जा. गणपती-दिवाळीच्या आधीचे शनिवार-रविवार टाळा. गर्दीत मुलांना पुस्तक चाळताच येत नाही. जाताना मध्य रेल्वेच्या पाट्या तिला वाचू द्या. परळ, दादर, माटुंगा, शीव यांत एकही जोडाक्षर नाही, कुर्ल्याला पहिला रफार भेटतो.

घरी पुन्हा पुन्हा येणारं वाक्य तिने वाचायचं, बाकीचं तुम्ही. अडली की शब्द लगेच सांगून टाका, अक्षर फोडायला लावू नका. तेच पुस्तक ती पुन्हा मागेल, तेव्हा पुन्हा वाचा. आणि तिला सध्या कशाचं वेड आहे, बस, मासे की भुतं, ते इथे लिहा. त्यावरून पहिल्या ढिगासाठी नेमकी पुस्तकं सुचवते.