फी घडीत लपवू नकोस

तुझ्या क्लासचं वेबपेज पाहिलं. सगळंच घडीत, म्हणजे शीर्षक दाबल्यावरच उघडणाऱ्या भागात घातलंयस, अगदी फीसुद्धा! वाशीतल्या एका क्लाससाठी मीही हेच केलं होतं. पालक फोन करून फीच विचारायचे, कारण ती तिसऱ्या घडीत होती. जे दहातल्या आठांना हवंय, ते उघडंच ठेव. क्वचित लागणारे प्रश्न, नियम, अटी तेवढ्या घडीत.

घडीचं शीर्षक 'अधिक माहिती' नको, 'हप्त्यांत फी भरता येते का?' असं लिही. ठाणे लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लोक वाचतात, म्हणून नुसता बाण नाही, पूर्ण ओळ दाबता आली पाहिजे. डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे निकष, दाबायच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल मागतात. मी ४४ च्या खाली जात नाही.

कोडसाठी डिटेल्स आणि समरी हे एचटीएमएलचे टॅग वापर. कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर (अंधांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकटात सांभाळले जातात. डिव्ह हा साधा टॅग वापरून जावास्क्रिप्टने उघडझाप केलीस तर बटण आणि एरिया-एक्स्पांडेड (घडी उघडी की बंद ते स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) तुलाच द्यावं लागेल, आणि ते हमखास विसरतं.

एक उघडली की दुसरी आपोआप मिटते, ते मात्र टाळ. दोन बॅचच्या वेळा शेजारी ठेवून बघायच्या असतात रे! आणि प्रिंट काढून बघ, बंद घड्या कागदावर येत नाहीत.