आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं रिव्हॉल्व्हर

प्रश्न: माझे आजोबा मराठा पलटणीत अधिकारी होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. वडील गेल्यावर गावच्या वाड्यातली त्यांची ट्रंक उघडली. त्यात पदकं, एक संगीन, एक रिव्हॉल्व्हर, सहा काडतुसं आणि आजोबांच्या नावाचा जुना परवाना सापडला. परवान्याचं शेवटचं नूतनीकरण 1968 चं आहे. माझ्या मुलाला लष्करी अधिकाऱ्यांची जुनी पिस्तुलं आणि त्यांच्याशी संबंधित वस्तू जमवण्याचा छंद आहे. तो म्हणतो, जुन्या शस्त्राला परवाना लागत नाही. शेजारी म्हणतात, लोहाराकडून नळीत शिसं ओतून घ्या. अमेरिकेतला भाऊ ते आठवण म्हणून मागतोय. काय करावं?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ट्रंक बंद करून कुलूप लावा. रिव्हॉल्व्हर उघडून बघू नका, पुसू नका, कुणाला हातात देऊ नका. काडतुसांच्या पितळेवर हिरवा कळक चढलाय म्हणून ती मेली असं समजू नका. इतक्या वर्षांनंतरही काडतूस उडू शकतं.

आता शस्त्राबद्दल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सांगाड्याच्या उजव्या अंगाला मुकुटाचं चिन्ह, त्याखाली ‘एनफिल्ड, नंबर 2, मार्क 1’ आणि साल 1940 स्पष्ट दिसतं. हे ब्रिटिश सैन्याचं सहा गोळ्यांचं अधिकृत रिव्हॉल्व्हर. त्याला .380 चं (हे गोळीच्या जाडीचं इंचातलं माप) काडतूस लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. आपल्या शस्त्र नियमांत .380 किंवा .455 ची, बुडाशी बाहेर आलेली कड असलेली (रिम्ड) काडतुसं चालवू शकणारी रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं प्रतिबंधित वर्गात आहेत. पहिल्या महायुद्धात अधिकारी स्वतःच्या पैशाने विकत घेत ती .455 ची वेब्ली (ब्रिटिश बनावटीची रिव्हॉल्व्हरं) आणि दुसऱ्या महायुद्धातली .380 ची एनफिल्ड, दोन्ही त्यात येतात. म्हणजे संग्राहकांना ज्यांचं सर्वांत जास्त आकर्षण, तीच शस्त्रं कायद्याने सर्वांत कडक वर्गात बसवलेली आहेत. विनापरवाना साधं शस्त्र बाळगलं तर 2 ते 5 वर्षं कैद. प्रतिबंधित वर्गातलं असेल तर शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 7 ते 14 वर्षं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण ‘आजोबांची आठवण आहे, कोण विचारतंय’ असं म्हणून ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेवू नये, म्हणून सांगतो.

तुमच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 1972 च्या निकालात सांगितलं आहे. आजोबांच्या कुलूपबंद ट्रंकेत काय आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं, तोवर तुमच्याकडे बोट दाखवणं अवघड होतं. पण आता तुम्हाला माहीत आहे. फोटोही काढलेत, मलाही पाठवलेत. इथून पुढे रोज जो उशीर होईल, तो या मुद्द्याचा जोर कमी करत जाईल. म्हणून पुढचं काम याच आठवड्यात करा.

शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 21 अशाच प्रसंगासाठी आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही, तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे शस्त्र जमा करायचं. पण पिशवीत घालून एसटीने ठाण्यात नेऊ नका, तोही विनापरवाना वाहतुकीचा गुन्हा ठरू शकतो. ठाणे अंमलदाराच्या नावे लेखी अर्ज द्या: आजोबांचं नाव व पलटण, ट्रंक कधी आणि कुणासमोर उघडली, आत काय निघालं, परवान्याची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि पोलिसांनी घरी येऊन पंचनामा करावा अशी विनंती त्यातच लिहा. पंचनाम्यात शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि संगिनीचाही उल्लेख झाला पाहिजे. जमा केल्याची पावती मिळाल्याशिवाय त्यांना दाराबाहेर जाऊ देऊ नका. शक्य असेल तर गावातले एखादे वकील त्या वेळी हजर ठेवा.

जुना परवाना आज तुम्हाला ताब्याचा अधिकार देत नाही, तरी तो जिवापाड जपा. शस्त्र चोरीचं किंवा तस्करीचं नाही, ते सरकारदरबारी नोंदलेलं होतं, हे त्यानेच सिद्ध होईल. परवान्यावरचा क्रमांक आणि शस्त्रावरचा क्रमांक पंचनाम्याच्या वेळी जुळवून बघायला सांगा. आणखी एक खूण त्याच वेळी शोधायला सांगा. सरकारी मालकीच्या ब्रिटिश शस्त्रांवर बाणाच्या टोकासारखा शिक्का असतो. शस्त्र सैन्यातून विकलं गेलं असेल तर टोकाला टोक भिडलेले दोन बाण दिसतात. एकच बाण असेल, तर आजोबांना ते विकत मिळालं की परत करायचं राहिलं, हा प्रश्न निघू शकतो, आणि तेव्हा परवाना हाच तुमचा आधार.

शस्त्र जमा केलं म्हणजे ते गेलं, असं नाही. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. बाकीच्या वारसांची संमतीपत्रं लागतील, आणि शस्त्र प्रतिबंधित वर्गातलं असल्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांवर हे संपत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. ती मिळणं कठीण आहे, हे मी लपवणार नाही. दुसरी वाट म्हणजे कायद्याने ते बाळगू शकणाऱ्या संस्थेकडे सोपवणं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल केंद्र बेळगावात आहे, तिथे पत्र लिहा. माझं मन विचाराल, तर मी हीच वाट धरीन. मात्र कलम 21 मध्ये परत मागण्याची किंवा हस्तांतराची मुदत असते. ती उलटली की जिल्हाधिकारी शस्त्र सरकारजमा करू शकतात. त्यामुळे पावती कपाटात ठेवून विसरू नका.

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. दुर्मीळ वस्तू म्हणून बाळगलेल्या काही जुन्या शस्त्रांना ताब्यापुरती परवान्यातून सूट देणारा बदल 2020 मध्ये झाला. ती चालवायला किंवा घेऊन फिरायला परवाना लागतोच. चालू स्थितीतलं, प्रतिबंधित काडतुसाचं रिव्हॉल्व्हर त्या सुटीच्या भरवशावर घरात ठेवा, असा सल्ला मी देणार नाही. कलम 45 मधली सूटही पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला मिळते, पण ते ‘दुरुस्तीने वा दुरुस्तीशिवाय’ चालवता येणारं नसेल तरच. शेजाऱ्यांचं शिसं इथेच गळून पडतं. लोहाराने बुजवलेली नळी दुसरा लोहार मोकळी करू शकतो. उलट शस्त्रात फेरफार केल्याचा नवा आरोप यायचा.

भावाला नम्रपणे नाही म्हणा. शस्त्राच्या निर्यातीला वेगळा परवाना लागतो आणि सामानात सापडलं तर विमानतळावरच अटक होईल. त्याला पदकं द्या. ती बाळगायला किंवा भेट द्यायला शस्त्र कायद्याची आडकाठी नाही.

मुलाचा छंद मोडू नका. होल्स्टर, कमरपट्टे, टोप्या, बिल्ले, शस्त्रांच्या सूचनापुस्तिका, सैनिकांची पत्रं यांचा सुंदर संग्रह होतो, आणि त्याला कुणाचा परवाना लागत नाही. इंटरनेटवर ‘शोभेचं वेब्ली’ म्हणून जाहिरात दिसली, तर विक्रेत्याचा शस्त्रविक्रीचा परवाना आणि शस्त्राचे कागद पाहिल्याशिवाय त्याने एक रुपयाही पाठवू नये.

अर्ज देण्याआधी परवान्याच्या सर्व पानांच्या, मागच्या बाजूंसकट, छायाप्रती मला पाठवा. अर्जाचा मसुदा मी तपासून देतो.