सायलेन्सर बदलल्यावर जेट कोणता बदलावा?

प्रश्न : माझ्याकडे २०१४ ची कार्ब्युरेटरची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे. मूळ सायलेन्सर काढून बाजारातला मोकळा सायलेन्सर बसवल्यापासून थ्रॉटल सोडताच फटाके फुटतात आणि चढावर अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते. मिस्त्री म्हणतात, मेन जेट दोन नंबर मोठा टाकू आणि एअर फिल्टरही काढून टाकू. त्यांचे ऐकावे काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : मेन जेट तूर्त बदलू नये आणि एअर फिल्टर तर मुळीच काढू नये. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी. आपल्या दोन्ही तक्रारींचा मेन जेटशी फारसा संबंध नाही, कारण तो प्रामुख्याने पाऊण ते पूर्ण थ्रॉटलवर काम करतो. थ्रॉटल मिटलेला असताना आणि पहिल्या पाव भागात पेट्रोल पुरवण्याचे काम मुख्यतः पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू यांचे असते, तर पावपासून पाऊणपर्यंत नीडलचे, म्हणजे पेट्रोलची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या निमुळत्या सुईचे. मोकळ्या सायलेन्सरमुळे धूर लवकर बाहेर पडून इंजिन हवा थोडी अधिक ओढते, त्या प्रमाणात पेट्रोल वाढत नाही आणि मिश्रण ‘लीन’ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होते, हे खरे. परंतु ते नेमके कोणत्या टप्प्यावर झाले आहे हे पाहिल्याशिवाय जेटला हात लावणे म्हणजे आजार पोटाचा आणि लेप गुडघ्याला.

फटाक्यांचे कारण आधी कार्ब्युरेटरच्या बाहेर शोधावे. सायलेन्सर बसवताना इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा बेंड पाइप हलतो, सांध्यातले जुने गॅस्केट नीट बसत नाही आणि त्या फटीतून आत शिरलेल्या हवेमुळे न जळलेले पेट्रोल नळीतच पेटते. थंड इंजिन चालू करून सांध्याजवळ, नळीला न टेकवता, हात धरल्यास फुंकर जाणवते आणि पुढे तेथे काळी काजळीही दिसू लागते. गॅस्केट नवे टाकून नट सारखे आवळावेत. शिवाय प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी पीएव्ही झडप या गाडीला असते; तिचे रबरी पाइप चिरलेले नाहीत ना, हेही पाहावे. एवढ्यावर पुष्कळदा फटाके बरेच कमी होतात. उरलेल्यांसाठी इंजिन चांगले तापवून मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा. आपल्यासारख्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये तो इंजिनच्या बाजूला असतो आणि बाहेर काढला की पेट्रोल वाढते. जुन्या बुलेटच्या साध्या कार्ब्युरेटरमध्ये तो हवेचा असतो आणि बाहेर काढला की मिश्रण उलट लीन होते. या एका फरकामुळे अनेक गाड्यांचे ट्यूनिंग बिघडते. तीन फेरे बाहेर येऊनही आयडलिंग (थ्रॉटल मिटलेला असताना इंजिनचे मंद चालणे) सुधारत नसेल, तरच पायलट जेट एक नंबर मोठा घ्यावा.

आता चढावरचे अडखळणे. थ्रॉटलच्या मुठीवर कागदी टेपची पट्टी लावून तिच्यावर पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा कराव्यात, म्हणजे तक्रार कोणत्या खुणेवर येते याचा अंदाज करत बसावे लागत नाही. अडखळत असताना चोक किंचित ओढून पाहावा : गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे, अधिकच गुदमरली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे. लीन निघाल्यास नीडल वर घ्यावी. नीडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली सरकवावी. एकच खाच असेल तर क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा वायसर घालावा. व्हॅक्यूम कार्ब्युरेटरचे झाकण उघडताना रबरी डायफ्रॅम प्रकाशासमोर धरून तपासावा, कारण टाचणीएवढ्या छिद्रानेही नीडलला वर उचलणारी स्लाइड पुरती उचलत नाही आणि दोष मात्र सायलेन्सरला दिला जातो.

यानंतरही पूर्ण थ्रॉटलवर दम कमी वाटला, तर मोकळ्या रस्त्यावर पूर्ण उघडलेला थ्रॉटल किंचित मिटवावा. त्या क्षणी गाडी उलट सरसावली, तर मेन जेट लहान पडत आहे असे समजून एकच नंबर वाढवावा. प्लग पांढराफटक दिसणे आणि नॉकिंग (इंजिनमधली टकटक) ऐकू येणे ही लीन मिश्रणाची धोक्याची चिन्हे असून त्यात पिस्टन व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतात. प्लगवर काळीकुट्ट काजळी म्हणजे पेट्रोल वाया. आणखी एक गोष्ट आपल्या बाबतीत सायलेन्सरइतकीच महत्त्वाची आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर आता पंपावर मिळणाऱ्या, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागते. त्यामुळे मूळ जेटांवर गाडी सायलेन्सर बदलण्यापूर्वीच थोडी लीन चालत असणार.

जेट जुळले म्हणजे सायलेन्सर कायदेशीर झाला, असे मात्र नाही. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या गाडीसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आहे, तेव्हा पीयूसी केंद्रावरचा आकडा स्क्रू फिरवण्यापूर्वी आणि नंतर असा दोन्ही वेळा लिहून ठेवावा.

प्रश्न : मोठा जेट मिळत नसल्याने मेकॅनिकने जुन्याच जेटचे भोक तारेने वाढवून दिले. चालेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. पितळ मऊ असल्याने भोक वाकडे होते, जेटवरचा नंबर निरर्थक ठरतो आणि पुढचा बदल कशावरून करायचा हेच कळेनासे होते. त्याच कंपनीचा मूळ नंबराचा नवा जेट घ्यावा. निरनिराळ्या कंपन्यांचे नंबर एकाच मापाचे असतात, असे गृहीत धरू नये.