सोसायटीची यादी एका पानावर कशी बसवायची?

प्रश्न: घणसोलीला आमची 168 फ्लॅटची सोसायटी आहे, ए, बी, सी तीन विंग, प्रत्येकी 14 मजले. फ्लॅट नंबर आणि नाव असं ओळीला एक, इंग्रजी अक्षरात, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवलंय. प्रिंट काढली की तीन पानं होतात आणि उजवी बाजू कोरीच राहते, नोटीस बोर्डाच्या काचेत तर एकच ए-फोर मावतो. एक्सेलमध्ये कट-पेस्ट करून तीन उभ्या रांगा करतो पण भाडेकरू बदलले की परत सगळं खालीवर. उबंटूच्या (लिनक्सच्या) टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, होईल का?
– सेक्रेटरी, घणसोली

उत्तर: होईल की! आणि ते कट-पेस्ट आजपासून बंदच करा, मूळ फाइल ओळीला एक नाव अशीच राहू द्या, बदल तिच्यातच करायचे आणि रांगा पाडायचं काम फक्त प्रिंटच्या वेळी कमांडवर सोडायचं. कमांडचं नाव कॉलम (column), 1990 च्या बीएसडी युनिक्सपासून चालत आलीये, मॅकवरही असते. उबंटूत सापडली नाही तर बीएसडी-एक्स्ट्रा-युटिल्स (bsdextrautils) हे पॅकेज टाका.

आता नीट बघा, कारण इथेच लोक अडकतात. कॉलम सगळ्यात लांब ओळ शोधते आणि तेवढीच जागा प्रत्येक रांगेला देते, तीही 8 च्या पटीत, म्हणजे सगळ्यात लांब ओळ 23 अक्षरांची असेल तर रांग 24 ची पण 24 अक्षरांची झाली की थेट 32 ची. आउटपुट फाइलमध्ये पाठवलं की कॉलम एकूण रुंदी 80 अक्षरं धरते, मग 32 च्या दोनच रांगा बसतात आणि 84 ओळी होऊन पान ओलांडतं. एका लांबलचक आडनावामुळे अख्खी यादी बिघडते! डब्ल्यूसी डॅश कॅपिटल एल (wc -L) ही कमांड दिली की सगळ्यात लांब ओळ किती ते कळतं. 24 ते 31 असेल तर कॉलमला डॅश सी 96 (-c 96) द्या, तीन रांगा येतील, 56 ओळी, आणि तुमच्या प्रत्येक विंगचे फ्लॅटही 56 च, त्यामुळे एक विंग एक रांग असं आपोआप जुळतं, फक्त फाइलमध्ये हेडिंगची ओळ ठेवू नका. डॅश एक्स चुकूनही लावू नका, त्याने नावं आडवी भरली जातात आणि ए-101 च्या शेजारी ए-102 येऊन बसतो, बोर्डासमोर उभा माणूस वरून खाली वाचतो हो.

त्याआधी क्रम लावायला सॉर्ट डॅश कॅपिटल व्ही (sort -V), नाहीतर ए-1001 हा ए-101 च्या आधी येतो. आणि शेवटी एक्स्पांड (expand), कारण कॉलम मधली जागा टॅबने भरते, ते दुसरीकडे पेस्ट केलं की रांगा हलतात, एक्स्पांड त्याच्या स्पेस करून देतं. तिन्ही कमांड पाइपने, म्हणजे मधे | ही उभी रेघ देऊन, जोडा, प्रिंटला समान रुंदीचा फॉन्ट, 9 पॉइंट, मार्जिन बारीक.

कुणी पीआर (pr) कमांड सुचवेल, तीही रांगा पाडते पण लांब नावं सरळ कापते. सभासदाचं नाव अर्धवट लावणं बरं नाही, मला तरी नाही पटत.

पुढे यादी मराठीत करायची झाली तर मात्र हा मार्ग सोडा. मात्रा-जोडाक्षरांची रुंदी कमांड मोजते एक आणि फॉन्ट दाखवतो भलतीच, रांगा वाकड्या येतात. तेव्हा तीच फाइल लिबरऑफिस रायटरमध्ये उघडायची आणि फॉरमॅट मेनूतून तीन कॉलम करायचे.