‘एवढी वर्षे घातली, आता थांबायचे कसे?’

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण समुपदेशनाला येतात, तेव्हा शीर्षकातला प्रश्न हमखास निघतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्यांपैकी एकाचा अनुभव सांगते.

गावाहून पुण्यात आलेल्या या २९ वर्षांच्या तरुणाचे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे चार प्रयत्न झाले होते. खुल्या प्रवर्गाला मिळणाऱ्या सहांपैकी दोन उरले होते. “मॅडम, आता थांबलो तर पाच वर्षे पाण्यात जातील,” असे ते म्हणाले. परंतु ती वर्षे थांबले तरी गेलेली आहेत आणि अभ्यास चालू ठेवला तरीही गेलेलीच आहेत. दोन्ही वाटांवर ती सारखीच असल्यामुळे त्यांच्या आधारे निवड करता येत नाही. तरीही त्यांच्याकडे पाहून निवड करणे हा बुडीत खर्चाचा हेत्वाभास, म्हणजे विचारातली चूक होय. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नाटकांच्या हंगामी तिकिटाची पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक सवलत मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटकांना गेले. नाटके मात्र सर्वांना तीच होती.

एवढे समजावून भागत नाही, कारण आपल्याकडे बुडालेला खर्च बहुधा वडिलांचा असतो. मेस आणि खोलीभाड्यासाठी वडिलांनी कर्ज काढले होते, आणि थांबणे म्हणजे त्यांचा विश्वासघात, असे या तरुणाने मनाशी धरले होते. वडिलांना मात्र त्यांनी कधी विचारलेच नव्हते. मी आग्रह धरल्यावर ते वडिलांशी बोलले, तेव्हा कळले की मुलाचे मन मोडेल या भीतीने वडीलही गप्प राहिले होते.

मग मी विचारले, “आजचे वय, आजची तयारी आणि हातातले दोन प्रयत्न एवढेच समोर असते, तर तुम्ही परीक्षेला बसला असता का?” उत्तरासाठी ते यशस्वी उमेदवारांच्या मुलाखतींकडे वळले, अयशस्वी उमेदवारांच्या मुलाखती कोणी घेत नाही, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. म्हणून आम्ही आकडे पाहिले. २०२३ च्या पूर्वपरीक्षेला सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार बसले, १४,६२४ मुख्य परीक्षेला पात्र ठरले आणि १,०१६ जणांची नियुक्तीसाठी शिफारस झाली. ते स्वतः दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले होते, त्यामुळे लाखांच्या आकड्याने खचण्याचे कारण नव्हते. तरीही त्या टप्प्यावरून साधारण चौदांत एकाचीच अखेर निवड होते.

त्यांनी तेव्हाच थांबायचे ठरवले असते, तरी मला तो निर्णय तितकाच योग्य वाटला असता. वैकल्पिक विषयाचे गुण वाढत आहेत, या कारणासाठी त्यांनी आणखी एकच प्रयत्न द्यायचे ठरवले आणि खोलीभाडे स्वतः भरता यावे म्हणून अर्धवेळ नोकरी धरली.