झेंडे नकोत, अननस आणा

तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात अठरा मुलं आहेत, निम्मी कर्नाटक-झारखंडातून आलेल्या कामगारांची, आणि मुख्याध्यापिकांना ‘जागतिक संस्कृती दिन’ हवाय. देशोदेशीचे वेश, झेंडे, फोटो.

वेशभूषा नका करू. मी केली होती. गोव्यात बार्देशातल्या एका शाळेत एका लमाणी मुलीला आईचा आरशांचा घागरा नेसवून पुढे उभी केली. कोणी हसलं नाही, सगळी मुलं नुसती टक लावून बघत राहिली. पुढचे चार दिवस ती शाळेत आली नाही. चूक माझीच.

त्यानंतर मी वर्गात अननस न्यायला लागले. टेबलावर ठेवायचा आणि ज्याने त्याने त्या फळाचं घरातलं नाव सांगून फळ्यावर लिहायचं. मराठीत अननस, कोंकणीत अनस, हिंदीत अनन्नास, कन्नडमध्ये अनानस. शेवटी आपण सांगायचं, पोर्तुगीजही अनानाशच म्हणतात. मुलं चक्रावतात. फळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलं, येताना नावही घेऊन आलं. नकाशा तेव्हा उघडा, आधी नको. काजू ब्राझीलचा, मिरची, बटाटाही अमेरिकेकडचेच. एकदा एकाने हुमणाबद्दल, म्हणजे इथल्या माशांच्या आमटीबद्दल, विचारलं, “बाई, मग त्याच्याआधी हुमण तिखट कसं करायचे?” मिरी घालून, म्हटलं. आणि त्या मिरीसाठीच तर पोर्तुगीज इथवर आले! तेवढ्यावर दोन तास गेले.

मराठी जमत नाही म्हणून गप्प बसणारं एखादं मूल असतंच. त्याच्यासाठी फादर स्टीफन्सची गोष्ट ठेवा. माणूस इंग्लंडचा. १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते छापून निघालं.

सणांवर फार वेळ घालवू नका. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी, हे इथल्या मुलांना ठाऊक असतं. तेवढा धागा पुरे. मात्र ‘तुमच्या गावी काय करतात?’ हे फक्त बाहेरून आलेल्यांना विचारू नका. त्यांतली काही म्हापशातच जन्मलेली असतात. आधी इथल्याच, पेडण्याच्या मुलाला विचारा, मग सगळ्यांना.

फोटो हवेच असतील तर फळ्याचे काढा, अठरा हस्ताक्षरांतली नावं असलेल्या. मुख्याध्यापिका कुरकुरल्या तर अननस कापून त्यांना एक फोड द्या.